हरिहरचे चौदा दिवस

अमरावती,
१२ नोव्हेंबर १९५९

चि. चारूस,
गोदाताईचे आशीर्वाद.

अकोल्याहून काल दुपारी घरी पोचलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना हरिहरचा पाय अडखळला, तेव्हा एका गृहस्थांनी हात द्यायचं सोडून "दारूबंदी नुसती कागदावरच आहे" असा शेरा मारला. मी त्यांना जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हरिहर मात्र हसला. विशीचा दीर माझा, लोकांनी दारुडा समजायची त्याला आता सवय झाली आहे. मला नाही झाली.

घरी सगळे वाट पाहत होते. तुझ्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना कसं समजावलं ते लिहिते, चुकलं असेल तर माझा कान धर. मी म्हटलं, आपल्या सगळ्यांच्याच पोटात अन्नापाण्यातून थोडं थोडं तांबं जातं आणि शरीर ते बाहेर टाकतं. हरिहरचं शरीर टाकत नाही. ते जन्मापासून साठत जातं, यकृतात साठतं, मेंदूत साठतं, मग हात थरथरतो आणि जीभ जड होते. डोळ्यातल्या बुबुळाभोवती तपकिरी कडं आहे ते त्याचंच. हे आईबापांकडून येतं, त्यांना स्वतःला काही होत नाही, मुलांपैकी एखाद्याला होतं. करणी नाही, बाहेरचं नाही, मनाचा कमकुवतपणा तर मुळीच नाही. कौशल्यावन्सं बावीस वर्षांच्या होऊन गेल्या त्याही ह्यानंच.

मामंजी म्हणजे चाळीस वर्षं लोकांच्या घरी शांती करत फिरलेला माणूस, त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते देव जाणे. सासूबाई म्हणाल्या, "काहून? माह्याच घरी काहून?" आणि उठून आत गेल्या. कुंदा तिथेच वाती वळत बसली होती. हरिहरच्या पाठची, तेराची आहे. हात दगडासारखा स्थिर. सगळ्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं, आणि टाळता टाळता सगळ्यांनीच पाहिलं.

तुझ्या डॉक्टर मोहरीलांचं मला एक फार आवडलं. औषध नवं आहे, जगात मोजक्याच लोकांनी घेतलंय, त्यांच्या विलायतेतल्या गुरुजींनी तिघांपुरतंच पाठवलंय, हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ते चालेल का, मला माहीत नाही." इतकी वर्षं इतके वैद्य-डॉक्टर केले, 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच. माझा तिथेच विश्वास बसला. पण दोन महिन्यांत तुझ्या तपासणीत फरक दिसला नाही तर हरिहरच्या गोळ्या वाट बघणाऱ्या अकोटच्या मुलीला देणार, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला रागही आला. आमच्याकडे दोन महिनेच आहेत, चारू.

तांब्याचे हंडे, घागरी, बंब, सगळं माळ्यावर टाकलं. हरिहरला पाणी माठातलं. लघवीच्या बाटल्या (लिहिलं बाई एकदाचं) भातकुलीचा पुंजाराम माळी आणेल. त्याचा संत्र्यांचा व्यापारी अकोल्यात आहे, दर मंगळवारी येतो. टोपलीत काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही.

तुझी,
गोदाताई


अकोला,
३० नोव्हेंबर १९५९

ती. गोदाताईस,
चारूचा नमस्कार.

तुझा कान धरायचं काही कारण नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या दोघांना मी हे समजावलं तेव्हा तुझ्याइतकं सोपं करून सांगता आलं नाही.

औषधाविना पंधरा दिवसांच्या बाटल्या मिळाल्या. तुझ्या पुंजारामनं त्या मेथीच्या जुड्यांखाली आणल्या आणि मला म्हणाला, "बाई, हे कोणतं तेल व्हय? सांध्याले चालते का?" मी कसंबसं हसू आवरलं.

मी काय करते ते तुला पाहायचं होतं ना? लघवीतलं बाकीचं सगळं जाळून टाकायचं आणि उरलेल्यात एक रसायन घालायचं. तांबं असेल तर नळी पिवळी होते, जितकं जास्त तितकी गर्द. शेजारी मापाच्या नळ्या ओळीनं उभ्या असतात, त्यांच्याशी रंग जुळवायचा. हरिहरची नळी आमच्या सगळ्यात गर्द नळीच्याही पुढे गेली, औषध सुरू व्हायच्या आधीच. इतर दोन रुग्णांचं असं नाही. डॉक्टर जरा बुचकळ्यात पडले, पण म्हणाले, एकेकाचा आजार वेगळा असेल.

उद्यापासून गोळी सुरू करा. उपाशीपोटी, जेवणाच्या तासभर आधी. पहिल्या आठवड्यात ताप आणि अंगावर पुरळ येण्याचा संभव आहे, घाबरू नका.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तपासणी झाल्यावर हरिहर सदऱ्याच्या गुंड्या लावत होता. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पाच गुंड्यांना बराच वेळ लागला. परिचारिका पुढे झाली तर त्यानं मान हलवली. शेवटची गुंडी लागल्यावर त्यानं वर पाहिलं, आणि मी मुकाट्यानं नळ्या धुवायला लागले. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत, ताई.

तुझी,
चारू


अमरावती,
१८ डिसेंबर १९५९

चि. चारूस आशीर्वाद.

संभव आहे म्हणे! सातव्या दिवशी जो ताप चढला तो सहा दिवस हटला नाही. अंगभर पुरळ, डोळे सुजलेले, पाणी गिळवेना. सासूबाईंनी गोळ्यांची बाटली दोनदा लपवली, दोनदा मी शोधून काढली. तिसऱ्यांदा हरिहरनंच ती मागून घेतली आणि उशाखाली ठेवली. चौदाव्या दिवशी ताप उतरला आणि पोरानं मागून वरणभात खाल्ला.

आता मी सांगते ते खरं की मला वाटतंय म्हणून, ते तू ठरव. काल त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरून ताक प्यायलं आणि सांडलं नाही. वर्षभरात प्रथमच. मी बघत नसल्यासारखं करून बघत होते. कुंदा मात्र उघड उघड बघत होती.

बाटल्या नियमानं भरतो. त्याची काळजी करू नकोस.

गोदाताई


अकोला,
८ जानेवारी १९६०

ती. गोदाताईस सा. न.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

फरक नाही. औषधाआधीची नळी आणि औषधानंतरची नळी, दोन्ही सारख्याच गर्द. बार्शीटाकळीच्या रुग्णाची नळी औषधानं चौपट गडद झाली, म्हणजे त्याच्या अंगातलं तांबं निघतंय. हरिहरचं काहीच नाही. तू म्हणतेस त्याचा हात सुधारतोय. डॉक्टर म्हणतात घरच्यांना तसं वाटतंच. मी त्यांच्याशी वाद घातला, पण माझ्या हातात माझ्याच नळ्या होत्या आणि त्या त्यांच्या बाजूनं बोलत होत्या. तेवीस तारखेला शनिवारी ते ठरवणार. अकोटची मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला आता उभं राहता येत नाही. डॉक्टर कठोर नाहीत, ताई, त्यांच्याकडे गोळ्या कमी आहेत.

एक काम कर. तुझी स्वतःची एक बाटली पाठव. तू त्या घरात सून म्हणून आलेली, तुझ्या रक्तात हा आजार नाही. त्याच घरातलं, तेच पाणी पिणारं निरोगी माणूस मला शेजारी ठेवून पाहायचं आहे.

चारू


अमरावती,
११ जानेवारी १९६०

चि. चारूस आ.

माझी बाटली उद्या पुंजारामबरोबर पाठवते. सोबत तिळाच्या वड्या आहेत, संक्रांतीच्या आधीच. दोन्ही एका टोपलीत पाठवायचं जिवावर आलं, पण दुसरी टोपली नव्हती.

घरात कुणाला काही सांगितलं नाही. हरिहरनं विचारलं, "चारूताई काय म्हणते?" मी म्हटलं, वड्या मागतेय.

गोदाताई


अकोला,
२० जानेवारी १९६०

ती. गोदाताईस सा. न.

तुझी नळीसुद्धा पिवळी. हरिहरच्या खालोखाल.

आठ दिवस मला वाटत होतं की चूक माझी आहे, आणि मग बाकीच्या दोघांचंही सगळं खोटं. रसायनं नवीन घेतली. रिकाम्या बाटल्या तपासल्या. स्वतःची लघवी तपासली. ती नळी पाण्यासारखी स्वच्छ. म्हणजे चूक अकोल्यात नाही. तुला हा आजार असता तर इतक्या वर्षांत तुझी जीभ जड झाली असती, आणि ती किती हलकी आहे ते मला माहीत आहे.

तेव्हा तुला सरळ विचारते, आणि रागावून नाही विचारत. बाटलीत पडण्याआधी ते कशात पडतं?

शनिवार जवळ आलाय. उत्तर पोस्टानं पाठवू नकोस, पोचणार नाही.

चारू


अमरावती,
२२ जानेवारी १९६०

चि. चारू,

पितळेच्या तस्तात. घे, लिहिलं.

पुंजारामला आज शुक्रवारी मुद्दाम गाडीत बसवून पाठवतेय. त्याला म्हटलं, जिवाचं काम आहे. तो म्हणाला, "मंग जातो ना बापा. संत्र्याचं मंगळवारी पाहू." 

आता ऐक. पहिल्याच दिवशी हरिहर न्हाणीत ती बाटली घेऊन गेला. अरुंद तोंड, आणि त्याचा हात कसा हलतो ते तू पाहिलंयस. निम्मं खाली सांडलं. तुम्ही तर बजावलेलं की दिवसाचा थेंब न् थेंब हवा. त्यानं ते सगळं स्वतःच्या पंचानं पुसलं, बाहेर आला, आणि मला म्हणाला, "वहिनी, माह्यानं हे होणार नाई. चारूताईले कळवा, मी यात येत नाई." रडला नाही, पण मला तो चेहरा पाहवेना. मग मी माळ्यावरून जुनं रुंद तोंडाचं तस्त काढलं, कौशल्यावन्संच्या आजारातलं. त्यात बसून करायचं, दिवसभराचं तिथेच साठवायचं, आणि मग मी बाटलीत ओतायचं. त्यानं माझ्याकडून वचन घेतलं की कुणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. मी दिलं. माझं स्वतःचंही त्यातच, कारण ती बाटली करणाऱ्याला जगात बायका असतात हे ठाऊक नसावं.

चारू, डॉक्टरांनी सांगितलं तांब्याचं भांडं नको. आमच्याकडे तांबं ते तांबं आणि पितळ ते पितळ. दोन्ही जन्मभर चिंच लावून घासली मी, पण एकाच्या पोटात दुसरं असतं हे मला कोणी सांगितलं नाही. तुझं पत्र वाचून ह्यांना विचारलं. हे वकील, ह्यांनाही नक्की माहीत नाही. शेवटी कुंदानं शाळेच्या पुस्तकात दाखवलं. मग तस्त उजेडात धरून पाहिलं. आतली कल्हई केव्हाच गेलीय.

वचन मोडायच्या आधी मी हरिहरला विचारलं. तो मग म्हणाला, "लिहा वहिनी. माह्या लाजेपायी आकडे खोटे, अन् खोट्या आकड्यानं त्या अकोटच्या पोरीचंही नुकसान अन् आपलंही." आपलं आधी नाही म्हणाला, त्या पोरीचं आधी म्हणाला. 

त्याचा काही दोष नाही. तस्त मी काढलं. डॉक्टरांना हवं तर मला बोलू दे.

गोदाताई


अकोला,
२६ जानेवारी १९६०

ती. गोदाताईस सा. न.

पुंजाराम शुक्रवारी दुपारीच दारात उभा होता. चिठ्ठी माझ्या हातात पडेपर्यंत पाण्यालाही शिवला नाही.

मी आमच्या घरचं पितळी पातेलं घेतलं, त्यात माझी स्वच्छ लघवी रात्रभर ठेवली आणि तपासली. हरिहरच्या नळीसारखीच पिवळीगर्द. ते पातेलं, नळी आणि तुझं पत्र, तिन्ही घेऊन डॉक्टरांपुढे गेले. माफ कर, पत्र वाचून दाखवलं. ते ओरडतील असं वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मी तांबं म्हटलं, पितळ म्हटलं नाही. आणि ज्याचा हात थरथरतो त्याला अरुंद तोंडाची बाटली दिली. दोन्ही चुका माझ्या." मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. त्या दिवशी मला त्यांच्या हाताखाली असल्याचा अभिमान वाटला.

आता पुढचं. हे हरिहरला शब्दन् शब्द वाचून दाखव.

त्याचे आजवरचे सगळे आकडे फुकट गेले. दोन वाटा आहेत. पहिली: अकोटच्या मुलीसाठी डॉक्टर दुसरीकडून थोड्या गोळ्या उसन्या आणत आहेत, तेव्हा हरिहरच्या उरलेल्या गोळ्या त्याच्याच. त्यानं त्या मार्चपर्यंत घ्याव्यात, तपासणी नाही, त्रास नाही. पण 'हात सुधारला असं वहिनी म्हणतात' एवढ्यावर विलायतेहून आणखी गोळ्या येणार नाहीत. दुसरी: औषध चौदा दिवस पूर्ण थांबवायचं, तेव्हाची लघवी काचेत धरायची, मग औषध पुन्हा सुरू करून पुन्हा धरायची. फरक दिसला तर तिघांचे मिळून आकडे पुरेसे होतात आणि गोळ्या मागता येतात. पण थांबवलं की हात पुन्हा बिघडू शकतो. आणि पुन्हा सुरू केल्यावर तो ताप परत येईल, कदाचित पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, "मी त्याला हे कर म्हणून सांगणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही."

सोबत काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या पाठवते आहे. बाजारात लोणच्यासाठी मिळतात, मी आम्लानं धुतल्या आहेत. तुम्ही धुवू नका. जास्त पाठवल्या आहेत, कारण डॉक्टरांना घरातल्या प्रत्येकाची एकेक हवी आहे. प्रत्येकाची म्हणजे कोणाची, ते तुला सांगायला नको.

चारू


अमरावती,
१ फेब्रुवारी १९६०

चि. चारूस आ.

शब्दन् शब्द वाचला. सगळ्यांसमोरच, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

सासूबाई भडकल्या. "पोराचा हात आता कुठं थांबून राह्यला, अन् तुमी औषध बंद करता? कोनाच्या आकड्यासाठी? काहून?" ह्यांचंही तेच म्हणणं, फक्त वकिली भाषेत. मामंजी म्हणाले, मार्चपर्यंत तरी पोराला सुखानं जेवू द्या. आणि खरं सांगू? मीही त्यांच्याच बाजूची होते. तो ताप मी पाहिलाय, चारू. सहा दिवस त्याच्या कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या.

हरिहर सगळ्यांचं ऐकत होता. त्याला बोलायला वेळ लागतो, तेव्हा आम्ही सगळेच थांबलो. कुंदा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती आणि तिचे आकडे आत ऐकू येत होते, बेचाळीस, त्रेचाळीस. तो म्हणाला, "माह्या एकट्याचं असतं तर मी थांबवलं नसतं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी एवढे दिवस समजत होते की कुंदाची धास्ती आम्ही मोठ्यांनी हरिहरपासून लपवून ठेवलीय. तो आमच्या आधीपासून ती एकट्यानं वागवत होता.

आज सकाळची गोळी घेतली नाही. बाटली सासूबाईंच्या हाती दिली आणि म्हणाला, "आई, आता लपव." 

गोदाताई


अमरावती,
१५ फेब्रुवारी १९६०

चि. चारूस आ.

झाले चौदा दिवस. पहिले आठ दिवस काही कळलं नाही, आणि मी मनात म्हटलं, उगाच घाबरलो. नवव्या दिवशी ताकाची वाटी हातातून गेली. कुंदानं फडकं आणलं, तो म्हणाला, "मी पुसतो." अकराव्या दिवशी जेवताना घास तोंडाशी जाईना. मी जवळ बसले आणि भरवू लागले. दोन घास घेतले, मग माझा हात बाजूला केला आणि स्वतः खाल्लं. सांडलं ते सांडलं. त्या दिवशी हे कचेरीतून आले आणि म्हणाले, पुरे झालं, अकरा दिवसांचे आकडे पुरतील, मी स्वतः डॉक्टरांना तार करतो. हरिहरनं बोटं दाखवली. तीन. फक्त तीन राहिले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि परत आले ती पुढच्या दिवसाची बरणी घेऊन. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

हा माझा दीर. लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचा होता, मला लपून खडे मारायचा. आज मला त्याला वाकून नमस्कार करावासा वाटला, आणि केला असता तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

पुंजारामबरोबर सगळ्यांच्या बरण्या येताहेत. कुंदाला सांगितलं की घरातल्या सगळ्यांचीच करायची आहे. खोटं नव्हतं. पुंजारामला आता टोपलीत काय असतं ते कळलंय. मी ओशाळले, तर तो म्हणाला, "त्यात कायची लाज बाई? आमी तं हेच झाडाले घालतो अन् लोक संत्रं चाटून खातेत."

आज सकाळी गोळी पुन्हा सुरू केली.

गोदाताई


अकोला,
४ मार्च १९६०

ती. गोदाताईस सा. न.

आधी हरिहरचं. औषधाविना चौदा दिवसांची नळी फिकी, लिंबाच्या सरबताएवढी. औषध पुन्हा सुरू केल्यावरची गर्द. मापाच्या नळ्या संपल्या, मी पातळ करकरून मोजली. नऊपट. नऊपट, ताई! त्याच्या अंगातलं तांबं निघतंय. मी डॉक्टरांना हाक मारली, तेव्हा ते जिना चढून धावत आले, आणि ते धावतात हे आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही नळ्या खिडकीत धरल्या आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. तिघांचे आकडे त्याच दिवशी विलायतेला गेले. वर्षभराच्या गोळ्या तिघांनाही आणि अकोटच्या मुलीलाही येणार, तार आली आहे.

त्यांनी मला सांगितलं की हरिहरला एक वाक्य त्यांच्याकडून लिहावं. "तुम्ही मला जे शिकवलंत ते पुस्तकात नव्हतं."

आता कुंदाचं.

तुझी नळी स्वच्छ, कमलाकांतभाऊजींची स्वच्छ, तुझ्या सासूसासऱ्यांची स्वच्छ. कुंदाची नाही. मी तीनदा केली. बरणी काचेची होती, मीच धुतली होती, आणि ह्या वेळी कुठे चूक असावी म्हणून मी देवाची प्रार्थना केली. चूक नाही. तिच्यातही ते साठत आहे.

पण तिला अजून काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, धडधाकट मुलीला हे औषध द्यायची महिन्यापूर्वी त्यांची छाती झाली नसती. आज आहे. हरिहरच्या आकड्यांवर ते देणार आहेत, हात हलायच्या आधीच. साठलेलं निघत राहिलं तर तिचा हात कधी हलणारही नाही, असं त्यांना वाटतं. वाटतं म्हणाले. पण ह्या वेळी 'माहीत नाही' म्हणाले नाहीत.

नव्या गोळ्या येईपर्यंत उसन्या आणलेल्यांतल्या थोड्या तिच्यासाठी सोबत पाठवते. घरी कसं सांगायचं ते मला सुचत नाही. 

चारू


अमरावती,
८ मार्च १९६०

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा हरिहर तापानं अंथरुणावर होता. डॉक्टर म्हणाले तसाच परत आलाय, पहिल्यापेक्षा थोडा जास्तच. मी शेजारी बसून वाचायला लागले. नऊपट आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. डॉक्टरांचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग पुढचं आलं आणि मी वाचायची थांबले. त्यानं हात पुढे केला, मी कागद दिला. त्याच्या हातात कागद इतका हलत होता की त्याला ओळ सापडत नव्हती, तरी त्यानंच वाचलं, शेवटपर्यंत.

कागद छातीवर ठेवून पडून राहिला. मला वाटलं आता हा कोसळणार. मीच रडत होते. तो म्हणाला, "वहिनी, बरं झालं मी थांबवलं."

थोड्या वेळानं म्हणाला, "कुंदाले मी सांगतो. तुमी कोणी नका सांगू. मले ठाऊक हाय काय सांगायचं ते."

मी कुंदाला पाठवलं आणि दार ओढून घेतलं. सासूबाई, मामंजी, हे, आम्ही सगळे बाहेर बसलो. आतून हरिहरचा आवाज येत होता, थांबत थांबत, एकेक शब्द ओढत. काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. कुंदाचा आवाज एकदाच आला, काहीतरी विचारल्यासारखा. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. लग्नाला तेरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत प्रथमच.

दार उघडलं. कुंदाचे डोळे लाल होते, पण ती रडत नव्हती. हातात गोळ्यांची बाटली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ही जेवणाआधी घ्यायची का नंतर?"

मी म्हटलं, "आधी."

तुझी,
गोदाताई